एका तारेवर सहा चाली : प्रकल्प नोंदी

७ जून

आजपासून या कामाची वही वेगळी. काम असे आहे : स्वीडन आणि नॉर्वेतल्या लोकचालींवर बसलेली सहा ख्रिस्ती स्तोत्रे सरगममध्ये उतरवायची, त्यांना गाता येतील असे मराठी शब्द द्यायचे आणि आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, आमच्या क्वायरकडून म्हणवून घ्यायची. साथीला हार्मोनियम नको. साल्मोडिकॉन नावाचे एका तारेचे, गजाने वाजवायचे वाद्य तिकडच्या खेड्यापाड्यांत होते, ते इथे नाशिकरोडलाच बनवून घ्यायचे.

तीस वर्षे मी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पेटी वाजवते. चार आवाजांत छापलेली परदेशी गीते वाजवताना काही चाली बोटांना वेगळ्याच लागायच्या. बाकीच्या गीतांत सुरावट स्वरसंगतीच्या मागून चालते. या चालींना मात्र खालच्या तीन आवाजांची गरजच नसते, त्या एकट्या उभ्या राहतात. कोपऱ्यात बारीक अक्षरांत बघावे तर रचनाकाराच्या जागी ‘स्वीडिश लोकचाल’ किंवा ‘नॉर्वेजियन लोकचाल’ एवढेच. ज्याचे नावही उरले नाही अशा कुणाची तरी चाल मी इतकी वर्षे दर रविवारी वाजवत होते. तिचे मूळ रूप ऐकावे, ही ओढ त्यातून लागली.

१२ जून

यादी ठरवायला चार दिवस गेले, कारण लोकचाल म्हणून मनात बसलेली निम्मी गीते तशी नाहीतच.

पहिले गळाले ‘चर्च हे एक जुने घर’. शब्द डेन्मार्कच्या ग्रुंटविग यांचे, १८३७ चे. चाल इतकी जुनाट आणि खडकासारखी की ती शेकडो वर्षे लोकांच्या तोंडी असावी असे वाटते. पण ती १८४० मध्ये नॉर्वेच्या लुडविग मथियस लिंडेमान यांनी रचली. स्वीडनच्या गीतकार लीना सांडेल यांचे ‘एकेक दिवस’ही काढावे लागले. त्याची चाल ऑस्कर आन्फेल्ट यांची. हे गिटार घेऊन गावोगाव गात फिरत, आणि त्यांची गीते छापायला यॅनी लिंड या त्या काळच्या विख्यात गायिकेने पैसे दिले होते. मन राजी नव्हते, पण नियम म्हणजे नियम : चालीला नाव असेल तर ती या कामात नाही.

उरली ती सहा. स्वीडनची तीन : ‘ओ स्तूरे गूद’ म्हणजे ‘हे थोर देवा’, ‘त्रिग्गारे कान इंगेन वारा’ म्हणजे ‘इतके निर्धास्त कुणी नाही’, आणि ‘ब्रेद दीना वीदा विंगार’, म्हणजे ‘पसर तुझे रुंद पंख’. नॉर्वेची दोन : तेलेमार्कमधल्या हेड्डालची चाल असलेले ‘तो मोठा शुभ्र समुदाय’, आणि हालिंगडालची चाल असलेले ‘स्वर्गात एक गड मला ठाऊक आहे’. सहावे ‘माझे मन सदा तिकडेच’ हे नाताळगीत. त्याचे शब्द डेन्मार्कच्या ब्रोर्सन यांचे, १७३२ चे. चाल स्वीडनच्या व्हेस्तरयोतलांडमधली. आणि जिव्हाळ्याने गातात ते नॉर्वेत. तीन देशांचे एक गाणे.

१९ जून

साल्मोडिकॉनबद्दल वाचताना आज एक पान हाती लागले आणि मी जागेवरून उठलेच.

स्वीडनमध्ये एस्टरव्होला इथे योहान डिलनर नावाचे धर्मगुरू होते. खेड्यांतल्या बहुतेक देवळांत तेव्हा ऑर्गन नव्हता, शाळांत तर नव्हताच. डिलनर यांनी साल्मोडिकॉनचा प्रसार केला : लांबट लाकडी पेटी, वर एक तार, तिच्याखाली दातेरी पट्टी, पट्टीवर आकडे. १८३० मध्ये त्यांनी स्तोत्रांच्या चाली पाश्चात्त्य नोटेशनमध्ये न छापता आकड्यांत छापल्या. १, २, ३, ४. वाचता येणाऱ्या कोणालाही आकडा बघून बोट ठेवता येई.

आकडे म्हणजे सरगमच की! एक म्हणजे सा, पाच म्हणजे प. मी त्या पानाकडे बघून गायला लागले. भाषांतर नको, काळ्यापांढऱ्या गोळ्यांची उकल नको. १८३० सालच्या स्वीडिश शेतकऱ्यासाठी छापलेले पान नाशिकरोडच्या बाईला थेट वाचता आले.

पण त्याच संध्याकाळी दुसरी बाजूही कळली. ती इथे नीट लिहून ठेवते, कारण सगळ्या कामाचा पेच तिथेच आहे. त्या काळी खेड्यांत स्तोत्रे कशी गात? वाद्य नाही. क्लोकारे, म्हणजे देवळातला मुख्य गाणारा, ओळ उचली आणि मंडळी मागून येत. गती संथ. प्रत्येक जण आपापल्या मुरक्या घेऊन गाई. एका अक्षरावर चार-पाच सूर. डालार्ना भागात ही रीत फार रंगली होती. फॅरो बेटांवरही थोमास किंगो यांची सतराव्या शतकातली स्तोत्रे अशीच वळणे घेत गायली जात, आणि त्या गाण्याला किंगोचेच नाव पडले. शहरातल्या शिकलेल्या लोकांना हे बेसूर, बेशिस्त वाटे. स्वीडनमधल्या उप्सालाचे ऑर्गनवादक हेफनर यांनी १८२० च्या सुमारास कोरालबुक, म्हणजे स्तोत्रांच्या चालींचे पुस्तक, काढले. त्यात एका अक्षराला एक सूर, सगळे सूर सारख्या लांबीचे. खेड्यापाड्यांनी असे सरळ गायला शिकावे म्हणून जी साधने आली, त्यांत साल्मोडिकॉन होते.

म्हणजे लोकांच्या गळ्यातली वळणे घासून सपाट करायला जे वाद्य वापरले, तेच मी ती वळणे ऐकण्यासाठी बनवायला निघाले आहे.

२८ जून

सुतारकाकांना चित्र दाखवले. त्यांनी विचारले, “ताई, ही सतार आहे का पाटा?” मी म्हटले, दोन्हीच्या मधले. मशिनच्या पॅकिंगची पाइनवुडची फळी त्यांच्याकडे पडून होती. मी सागाचा आग्रह धरणार होते, पण ती फळी वाजवून बघितली आणि गप्प राहिले. बोटाच्या टिचकीला भरीव आवाज आला. तिकडे या पेट्या हाताशी असलेल्या अशाच लाकडाच्या करत, गावातलाच कुणीतरी करी. महाग वाद्य परवडत नाही म्हणूनच तर हे निघाले.

लांबी ९० सेंमी ठरली. खुंटी जुन्या व्हायोलिनची, गजही त्याचाच. काही साल्मोडिकॉनना मुख्य तारेखाली धातूच्या जास्तीच्या तारा असत, आपल्या सारंगीच्या तरफांसारख्या. मोह झाला, पण नको. एकच तार.

३ जुलै

पडद्यांच्या जागा काढल्या. घोडीपासून माथ्यापर्यंत वाजणारी तार बरोबर ६० सेंमी. मोकळी तार सा. माथ्याकडून मोजले तर रे ६.७ वर, कोमल ग १० वर, शुद्ध ग १२ वर, म १५ वर, प २० वर, ध २४ वर, शुद्ध नि २८ वर आणि वरचा सा अगदी मध्यावर, ३० वर. आकडे इतके स्वच्छ पडतात की बघत राहावे. पेटीचा शुद्ध ग यात बसत नाही, तो १२.४ च्या जवळ येतो. पेटीचा गंधार थोडा चढाच असतो हे आमचे तबलजी नेहमी म्हणायचे. आज ते फूटपट्टीवर दिसले.

पडदे बांबूच्या कामट्यांचे. तूर्तास नुसत्या मेणाने बसवले आहेत.

९ जुलै

पहिला सूर निघाला आणि तो चुकला. तार पडद्यापासून फार उंच होती. दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो. काकांनी घोडी कानशीने घासून जवळपास तीन मिलिमीटर खाली आणली. आता दाब कमी लागतो.

२१ जुलै

तार तुटली. सारंगीची तात लावली होती, कारण जुन्या साल्मोडिकॉनना आतड्याचीच तार असे. आषाढात नाशिकला तात काय टिकणार! सकाळी लावावी, दुपारी अर्धा सूर उतरलेली. आज ओढून सुरात आणताना खुंटीपाशी तडकली. पावसाळा संपेपर्यंत सतारीची पोलादी तार चालवायची. आवाज किरटा येतो, पण सरगम तपासायला पुरे.

६ ऑगस्ट

‘ओ स्तूरे गूद’. या एका गीतावर दोन आठवडे गेले आणि त्याचे वाईट वाटत नाही.

कार्ल बोबर्ग, जहाजबांधणीच्या गोदीतल्या सुताराचा मुलगा. गाव मॉन्स्टेरोस, स्वीडनच्या पूर्व किनाऱ्यावर. १८८५ च्या उन्हाळ्यात दुपारच्या उपासनेहून परतताना विजा, वारा, पाऊस. मग सगळे शांत, खाडी आरशासारखी, आणि पलीकडून देवळाच्या घंटा. त्यावर त्यांनी नऊ कडव्यांची कविता केली. पुढच्या वर्षी ती छापली गेली. चाल त्यांनी दिलीच नाही. काही वर्षांनी व्हेर्मलांडमध्ये एका सभेत त्यांना आपलीच कविता एका जुन्या स्वीडिश चालीवर गाताना ऐकू आली. कुणी बसवली, कधी बसवली, पत्ता नाही. लोकांनी शब्द उचलले आणि आपल्या घरच्या चालीत घातले.

१८९१ मध्ये बोबर्गच संपादक असलेल्या साप्ताहिकात ती चाल सुरांसकट छापली, तेव्हा ती तीन मात्रांत होती. पुढे काही वर्षांतच चार मात्रांची झाली आणि तशीच जगभर गेली. आपल्या भाषेत सांगायचे तर दादऱ्यातली चाल केरव्यात आली. मी दोन्ही वाजवून पाहिल्या. सुरुवात तीच : प प प, मग ग वर उतरणे. चारात ती छाती पुढे काढून उभी राहते. तिनात डुलते, वाटेने चालणाऱ्या माणसाची, पाऊस नुकताच थांबल्यावरची लय तिला येते. मोठ्या मैदानात हजारो लोकांनी म्हणायला चाराची चांगली, यात वाद नाही. आमच्या क्वायरमध्ये बावीस जण आहेत. आम्ही तिनात म्हणणार.

११ ऑगस्ट

आज याच गीताचा पुढचा प्रवास शोधत होते. १९०७ मध्ये एस्टोनियात त्याचे जर्मन रूप झाले. १९१२ मध्ये इव्हान प्रोखानोव यांनी ते रशियनमध्ये नेले. स्टुअर्ट हाइन या इंग्रज मिशनऱ्याने कार्पेथियन डोंगराळ भागात ते रशियनमध्ये ऐकले, स्वतःची कडवी घातली आणि १९४९ मध्ये इंग्रजी गीत छापले.

आणि मग पुढची ओळ : १९५४ मध्ये जे. एडविन ऑर या ख्रिस्ती प्रवचनकारांनी हे गीत देवळालीला ऐकले.

देवळाली. माझ्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटे. तिथल्या सभेत आलेल्या नागा गायकांनी ते म्हटले होते, आणि स्वरसंगती त्यांनी स्वतः बसवली होती. ऑर ते कॅलिफोर्नियात घेऊन गेले. तिथून ते अमेरिकेत छापले गेले, आणि १९५७ मध्ये प्रवचनकार बिली ग्रॅहम यांच्या न्यूयॉर्कच्या सभांत गायक जॉर्ज बेव्हर्ली शे यांनी गायल्यावर घराघरांत पोचले.

संध्याकाळी देवळाली कॅम्पला जाऊन आले. काही शोधायला नाही. जुन्या बंगल्यांच्या रस्त्यावर, पावसाने काळ्या झालेल्या झाडांखाली उभी राहून चाल एकदा गुणगुणली, तिनात. स्वीडनच्या किनाऱ्यावरची सुरावट नागा टेकड्यांतल्या माणसांच्या तोंडून या हवेत आधीच एकदा गायली गेली आहे. त्यांना ती शिकवणाऱ्यांपेक्षा त्यांनी ती वेगळी केली असणार, आपल्या गळ्याची केली असणार. मला धीर आला तो यानेच.

२ सप्टेंबर

हालिंगडालच्या चालीवर अडले आहे. ‘स्वर्गात एक गड मला ठाऊक आहे’. शब्द मुळात जर्मन, नॉर्वेच्या ग्रामीण बोलींवर उभ्या असलेल्या नीनोर्स्क भाषेत ते बर्न्ट स्टोयलेन यांनी आणले. स्तोत्रपुस्तकात चाल मायनरमध्ये आहे, म्हणजे गंधार कोमल. मी तसाच लिहिला.

मग एका वृद्ध गायिकेचे जुने ध्वनिमुद्रण ऐकले. साथ नाही, एकटा आवाज. पहिल्या ओळीतच तिचा गंधार कोमल नव्हता. शुद्धही नव्हता. मला वाटले, म्हातारपणामुळे आवाज ढळतो आहे. पण दुसऱ्या कडव्यात तोच सूर त्याच जागी. तिसऱ्यात पुन्हा. तिचा गंधार तिला पक्का माहीत होता. माहीत नव्हता तो मला.

मेणावरचा पडदा हलवत हलवत तिच्या सुराशी जुळवला. १० वर कोमल ग, १२ वर शुद्ध ग. तिचा सूर ११ च्या किंचित पुढे मिळाला. पेटीत त्या जागी दोन पट्ट्यांमधली फट आहे.

नॉर्वेच्या जुन्या गाण्यात आणि लांगेलाईक नावाच्या तंतुवाद्यात असे तरंगते सूर आहेत, गंधार आणि निषाद विशेषकरून, हे तिकडचे अभ्यासक शंभर वर्षे सांगत आले आहेत. वाचले होते मीही. वाचणे वेगळे आणि कामटी बोटाने सरकवताना अचानक तो सूर लागणे वेगळे. अंगावर काटा आला.

९ सप्टेंबर

लिंडेमान यांच्याबद्दल जूनमध्ये मी मनातल्या मनात कठोर झाले होते. आज ते मागे घेते.

हे क्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ओस्लोच्या, मुख्य देवळातले ऑर्गनवादक. १८४८ मध्ये वाल्ड्रेसच्या डोंगरात जाऊन लोकांकडून चाली ऐकून उतरवून घेतल्या, नंतरही फिरले. त्यांचा नॉर्वेच्या डोंगरी चालींचा मोठा संग्रह १८५३ पासून भागाभागाने निघाला. त्यात नाचाच्या चाली, पोवाड्यांसारखी कथागीते, आणि घरात म्हटली जाणारी स्तोत्रेही आहेत. छापले सगळे पियानोसाठी. पियानोत मधला गंधार नाही, मग त्यांनी कुठला तरी एक निवडला. आणखी काय करणार होते? ध्वनिमुद्रण नव्हते. त्यांनी उतरवले नसते तर बऱ्याच चाली त्या माणसांबरोबरच गेल्या असत्या. तो काळ असा की धार्मिक पुनर्जागृतीच्या लाटेत फिडल हे सैतानाचे वाद्य ठरून काही वादकांनी आपली वाद्ये जाळली. त्या लाटेत स्तोत्रांच्या चाली तगल्या, कारण त्या देवाच्या शब्दांना बांधलेल्या होत्या. नाचाच्या चालीला जे संरक्षण मिळाले नाही ते स्तोत्राच्या चालीला मिळाले.

नॉर्वेचे संगीतकार एडवर्ड ग्रीग लिंडेमानच्या संग्रहाकडे आयुष्यभर परत परत गेले. १९०६ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांनी त्यातल्या चालींवर चार स्तोत्रे बॅरिटोन आणि क्वायरसाठी बांधली. तीच त्यांची शेवटची रचना. त्यातल्या ‘देवाच्या पुत्राने मला मुक्त केले’मध्ये एका भागात काही आवाज मेजरमध्ये आणि बाकीचे त्याच वेळी मायनरमध्ये जातात. कोमल आणि शुद्ध गंधार एकमेकांना घासतात. जाणकार याला काळाच्या पुढचा प्रयोग म्हणतात. मला आज ते वेगळे ऐकू आले. मधला सूर लिहायला चिन्ह नव्हते, तर त्यांनी दोन्ही बाजूंचे सूर एकदम लावले. हे माझे ऐकणे आहे, पण ११ सेंटिमीटरवरचा पडदा हलवल्यावर ते दुसऱ्या कशासारखे ऐकूच येईना.

२५ सप्टेंबर

शब्द. ‘त्रिग्गारे कान इंगेन वारा’ हे लीना सांडेल यांचे गीत. वडील स्मोलांडमधल्या फ्रोडेरीदचे पाळक. व्हेट्टर्न सरोवरात वडील डोळ्यांदेखत बुडाल्यावर तिने हे लिहिले असे पुष्कळदा सांगितले जाते. वडील गेले १८५८ मध्ये, गीत छापले गेले १८५५ मध्ये. म्हणजे दुःख गीताच्या नंतर आले. बापाच्या कुशीतल्या निर्धास्तपणावर आधी लिहावे आणि मग बाप असा जावा, आणि तरीही पुढे शेकडो गीते लिहावीत, हे मला अधिक मोठे वाटते. चाल लोकचाल म्हणूनच छापतात, जरी तिचे धागे जर्मनी-इंग्लंडपर्यंत नेणारेही आहेत.

ओळीत आठ अक्षरे, दोन-दोन ओळींचे यमक. म्हणजे आपला लहान अभंगच! नारायण वामन टिळकांनी आमच्या मंडळींना अभंग-ओवीत प्रार्थना करायला शिकवले, त्यामुळे हा साचा सगळ्यांच्या ओठांवर आहे. मला वाटले, एका बैठकीत होईल. पहिला खर्डा :

देवबापाच्या कुशीत
लेकरे ही सुरक्षित

कागदावर छान. गायला बसले तर ‘सूरऽक्षीऽत’. चालीचा आघात पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या अक्षरावर येतो आणि तिथे लांबी लागते. ऱ्हस्व ‘सु’वर आघात आला की शब्द फुटतो. आमच्या क्वायरमधल्या सर्वांत वडील मावशी, ज्यांना सरगम वाचता येत नाही, ऐकून लगेच म्हणाल्या, “सूर आणि क्षिती असं काहीतरी ऐकू येतंय गं.” चार दिवस आणि बरेच कागद गेल्यावर :

देवबापाच्या घरात
बाळे राहती निवांत
आभाळीचा तारा नाही
खोप्यातले पिलू नाही

इतके निर्धास्त कुणी नाही, हे पुढच्या कडव्यात येते. आघाताच्या जागी आता बहुतेक सगळीकडे दीर्घ अक्षर आहे. तारा आणि घरट्यातला पक्षी मूळ स्वीडिशमध्येच आहेत. खोपा तेवढा आपला.

१४ ऑक्टोबर

पाऊस गेला. तात पुन्हा लावली. आवाज एकदम खाली बसला, घशातून आल्यासारखा. पोलादी तारेवर जे गाणे दूर उभे होते ते जवळ आले.

तालमीत मात्र खटका उडाला. मावशी ‘निवांत’च्या ‘वां’वर एक लहानशी मुरकी घेतात. वरच्या सुराला स्पर्श करून परत येतात, जात्यावरच्या ओवीत घेतात तशी. त्यांच्या शेजारच्या दोघी आता त्यांच्यामागून तीच घेऊ लागल्या आहेत, पण थोडी उशिरा आणि थोडी वेगळी. टेनरच्या मंडळींनी तक्रार केली की सगळे एकत्र पडत नाही. क्वायर सांभाळणाऱ्या दादांचेही तेच मत, आणि त्यांचे चुकते असेही नाही. एकसारखे गाणे हीच त्यांची पंचवीस वर्षांची मेहनत आहे.

मी सगळ्यांना डालार्नाचे एक ध्वनिमुद्रण ऐकवले. एक ओळ, सहा-सात गावकरी, प्रत्येकाची मुरकी वेगळी, कुणी पुढे कुणी मागे, आणि ओळीच्या शेवटी सगळे एका सुरावर येऊन थांबतात. ऐकताना खोलीत कुणी बोलले नाही. दादांनी पुन्हा लावायला सांगितले. मग म्हणाले, “शेवटचा सूर मात्र एकत्र पाहिजे.” ठरले. मधे ज्याने त्याने आपले गावे, ओळीच्या टोकाला भेटावे. हेफनर यांच्या आधी तिकडे बहुधा एवढाच नियम असावा.

६ नोव्हेंबर

‘तो मोठा शुभ्र समुदाय’. ब्रोर्सन हे रिबेचे बिशप. हे गीत त्यांच्या मृत्यूनंतर, १७६५ मध्ये छापले गेले. बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायातले दृश्य : शुभ्र झगे घातलेली, मोजता न येणारी माणसे. चाल हेड्डालची, आणि ग्रीगने ती पुरुष आवाजांसाठी बांधली तेव्हापासून जगाला ठाऊक. नॉर्वेत सर्व संतांच्या दिवशी आणि अंत्यविधीत म्हणतात.

आमच्या अल्टोतल्या एकीची आई गेल्या आठवड्यात गेली. आज ती तालमीला आली. मी हे गीत आज वगळणार होते. तिनेच काढायला सांगितले. साल्मोडिकॉनवर पहिली ओळ मी एकटीने वाजवली, मग सगळे आले. या गीताबद्दल एवढेच लिहिते.

२३ नोव्हेंबर

उरलेली दोन गीते फारसा त्रास न देता बसली. ‘पसर तुझे रुंद पंख’ मुले म्हणतील, त्यांना दोन तालमींत आले. ‘माझे मन सदा तिकडेच’ची चाल लांब पल्ल्याची आहे, श्वास कुठे घ्यायचा याच्या खुणा शब्दांवर केल्या आणि काम झाले. कोमल-शुद्धची अडचण फक्त हालिंगडालच्या गीतात.

तिथे काय करायचे, हे अजून ठरत नव्हते. सरगमच्या कागदावर मी ग लिहिला होता आणि वर एक टिंब दिले होते. सगळे विचारत, हा कोणता? आज कागद काढून घेतले. नुसता साल्मोडिकॉन ठेवला आणि ओळ पुन्हा पुन्हा वाजवली. चौथ्यांदा मावशी त्या सुरावर होत्या. सातव्यांदा निम्म्या बायका. तरुण मुली, ज्या पेटीवर शिकल्या, त्या वर सरकत राहिल्या, शुद्धाकडे. त्यांच्या कानात पेटी मीच घातली आहे, तीस वर्षे.

८ डिसेंबर

काल संध्याकाळी सहाही गीते झाली. देवळात ऐंशीएक माणसे होती. ‘हे थोर देवा’ तिनात सुरू केल्यावर काही जण चारात टाळी धरू बघत होते, दुसऱ्या कडव्याला सोडून दिली आणि डुलू लागले. हालिंगडालच्या गीतात गंधार पहिल्या कडव्यात दोन ठिकाणी फुटला, दुसऱ्यात सावरला, तिसऱ्यात सगळ्यांचा एक झाला. पेटीच्या फटीत असलेला तो सूर बावीस जणांनी धरून ठेवला, साधारण दोन श्वास.

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी वाद्य हातात घेऊन बघितले आणि विचारले, हे मुलांच्या शाब्बाथ शाळेत ठेवता येईल का. सुतारकाकाही आले होते. म्हणाले, पडदे अजून मेणावरच आहेत, उद्या सरसाने पक्के करून देतो.

बाकीचे सगळे पडदे त्यांना पक्के करायला दिले. गंधाराचा तेवढा मेणावरच ठेवायला सांगितला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा केल्या : १०, ११, १२.